पंखाला आधी बोलू द्या

जुलै 2025 मध्ये अमेरिकेच्या हवाई नियामकाने, म्हणजे एफएएने, ‘मोझेक’ नावाचा नियम जाहीर केला आणि घरी विमान बांधणाऱ्यांच्या जगात एका आकड्याला सोन्याचा भाव आला. आकडा आहे 59 नॉट, म्हणजे ताशी सुमारे 109 किलोमीटर. स्पोर्ट पायलटचा, म्हणजे छोटी विमानं छंदासाठी उडवणाऱ्याचा, परवाना असलेल्याने कोणतं विमान उडवायचं हे आता वजनावर ठरत नाही. फ्लॅप, म्हणजे उतरताना खाली सोडायच्या पंखामागच्या झडपा, न उघडता ते किती वेगाला स्टॉल होतं, म्हणजे त्याच्या पंखाची उचल कोसळते, यावर ठरतं, आणि तो वेग 59 च्या आत हवा. तेव्हापासून जिकडेतिकडे हिशेब चालू आहे: माझं 58 ला बसतं का, तुझं 60 ला जातंय तर पंखावर व्हॉर्टेक्स जनरेटर (हवा पंखाला धरून ठेवणारे छोटे उभे पत्रे) चिकटव, एखादा नॉट उतरेल. त्यातच एक जुना वाद पुन्हा उकरला गेला. होमबिल्ट विमानाच्या पंखावर स्टॉल स्ट्रिप, म्हणजे पुढच्या कडेवरची छोटी पट्टी, लावावी का, आणि स्टॉलची सूचना देणारं उपकरण सक्तीचं करावं का? एक गट म्हणतो, पट्टी म्हणजे ठिगळ, पंख नीट बांधला असता तर लागलीच नसती. दुसरा म्हणतो, आता स्क्रीनवर पंखाचा हवेशी होणारा कोन दाखवणारं यंत्र मिळतं, पत्र्याचे तुकडे कशाला? तिसरा म्हणतो, वैमानिकाला शिकवा, बाकी सगळं थोतांड. तिघांचंही थोडं थोडं बरोबर आहे, आणि तिघांनीही प्रश्न चुकीच्या टोकाला धरला आहे. विमान किती वेगाला स्टॉल होतं यापेक्षा ते त्याआधी किती लवकर आणि किती स्पष्टपणे सांगतं, हे जास्त महत्त्वाचं. सांगण्याचं पहिलं काम पंखाचं, उपकरणाचं दुसरं. आणि सक्ती करायचीच असेल तर ती वस्तूची नको, चाचणीची हवी.

आधी शब्द स्वच्छ करून घेऊ. आपल्याकडे स्टॉल म्हटलं की वडापाव आठवतो, गाडी चालवणाऱ्याला बंद पडलेलं इंजिन आठवतं. विमानाच्या बाबतीत दोन्ही अर्थ लागू नाहीत. इंजिन ठणठणीत चालू असताना पंख स्टॉल होतो. पंख समोरच्या हवेशी जो कोन करतो तो वाढवत नेला की उचल वाढते, पण साधारण 15 ते 18 अंशांच्या आसपास वरच्या बाजूने वाहणारी हवा पंखाला धरून राहू शकत नाही. ती सुटते आणि उचल कोसळते. म्हणजे स्टॉल होतो तो कोनावर. पुस्तिकेतला वेगाचा आकडा सरळ, समतल, ठराविक वजनाच्या उड्डाणापुरताच खरा. सरळ जाताना 50 नॉटला स्टॉल होणारं विमान उंची न सोडता 30 अंश कलून वळलं तर 54 ला स्टॉल होतं, 45 अंश कललं तर 59 ला आणि 60 अंश कललं तर 71 ला. ज्या 59 वरून एवढी भांडणं चालली आहेत तो आकडा 50 वाल्या विमानालाही एका घट्ट वळणात गाठता येतो. मग कागदावरचा एक नॉट वाचवून नेमकं काय वाचलं?

स्टॉल स्ट्रिप ही दिसायला अगदी क्षुल्लक गोष्ट आहे. त्रिकोणी छेदाची, 10-12 मिलिमीटर बाजूची, वीतभर लांबीची पट्टी, पंखाच्या मुळाकडच्या भागात पुढच्या कडेवर धार पुढे करून बसवलेली. तिचं काम समजून घ्यायचं तर पंखाच्या नाकावर नजर ठेवावी लागते. समोरून येणारी हवा तिथे एका रेघेवर दुभंगते, काही वरून जाते, काही खालून. वेगात सरळ जाताना ही रेघ जवळजवळ नाकाच्या टोकावर असते. पट्टी तेव्हा तिच्यातच बसलेली असते आणि तिथली हवा मुळातच थबकलेली असते, त्यामुळे पट्टी असली काय, नसली काय, फारसा फरक पडत नाही. कोन वाढला की रेघ खाली आणि मागे सरकते. आता खालून वर वळसा घालणाऱ्या हवेला पट्टीची धार ओलांडावी लागते. काही अंशांपर्यंत ती ओलांडते, मग एका क्षणी धारेवरच सुटते. पट्टीमागचा तेवढाच पट्टा बाकीच्या पंखाच्या आधी स्टॉल होतो. त्याची घुसळलेली हवा मागे जाऊन शेपटीवर आदळते आणि स्टिकमधून, म्हणजे विमान चालवायच्या दांड्यातून, तळहाताला थरथर जाणवते, जणू खडीच्या रस्त्यावर सायकल घातली आहे. टोकाकडचा पंख, ज्यावर एलेरॉन (विमान डावी-उजवीकडे कलवणाऱ्या झडपा) आहेत, तो अजून उडत असतो, म्हणून विमान अजून ऐकतं. ना वायर, ना बॅटरी, ना सॉफ्टवेअर.

आता ठिगळाचा आक्षेप. त्यात तथ्य आहे. पट्टी पंखाची कमाल उचल थोडी खाते, म्हणजे स्टॉलचा वेग वाढवते. माप योग्य असेल तर एखाद-दोन नॉट, माप चुकलं तर त्याहून जास्त, आणि तो वेग प्रत्येक लँडिंगला चाकांखाली मोजावा लागतो. दुसरं असं की बांधणीतला दोष झाकायला पट्टीचा वापर सर्रास होतो. विमान स्टॉलला डावीकडे पडतं, मग उजव्या पंखावर पट्टी लावून दोन्ही बाजू ‘सारख्या’ करायच्या. रोग रेड्याला आणि औषध पखालीला. अशा विमानात आधी शोधायच्या गोष्टी वेगळ्याच असतात. उड्डाणात बॉल, म्हणजे विमान तिरकं घसरत नाही ना हे दाखवणारी कॉकपिटमधली गोळी, खरोखर मधे आहे का? दोन्ही फ्लॅप बंद असताना एका रेषेत आहेत का? एलेरॉनच्या फटी सारख्या आहेत का? डाव्या आणि उजव्या पंखाच्या पिळात अर्ध्या अंशाचा तरी फरक आहे का? पुठ्ठ्याचा किंवा प्लायचा साचा कापून नाकाच्या गोलाईवर दोन्ही बाजूंना ठिकठिकाणी लावून पाहा; एका बाजूला फिलर जास्त घासला गेला असेल तर साचा लगेच डोलतो. रंगाची टेप काढल्यावर राहिलेला उंचवटासुद्धा, तो नाकाच्या अगदी पुढच्या भागात असेल तर, स्टॉलचं वागणं बदलू शकतो. हे सगळं तपासून झाल्यावरही पंख पडत असेल, तर मग पट्टीचा विचार करायचा.

पण एवढं मान्य केल्यावरही ‘पट्टी म्हणजे ठिगळ’ हे वाक्य टिकत नाही, कारण कारखान्यात बनलेली, प्रमाणपत्र मिळालेली विमानंही पट्ट्या लावून उडतात. बीचक्राफ्ट बोनान्झाच्या पंखावर त्या आहेत, पायपरच्या निमुळत्या पंखांवर आहेत. मूनीच्या कारखान्यात तर प्रत्येक विमान उडवून पाहून त्याच्या पट्ट्यांची जागा ठरवली जायची. म्हणजे ज्यांच्याकडे जिग (जुळणी करताना भाग पक्के धरणारे सांगाडे) आहेत, साचे आहेत, एकच पंख शेकडो वेळा बनवण्याचा सराव आहे, तेसुद्धा मान्य करतात की नकाशा एक असला तरी दोन पंख हुबेहूब एक नसतात. मग गॅरेजमध्ये आयुष्यात एकदाच पंख बांधणाऱ्याने ‘माझा अचूक आहे’ म्हणून मिशीला पीळ का द्यावा?

पायपर टॉमाहॉकचा इतिहास या वादातल्या प्रत्येकाने वाचावा असा आहे. 1970 च्या दशकाच्या शेवटी आलेलं हे दोन आसनी प्रशिक्षण विमान. पंखाला नासाने सुचवलेला नवा छेद, म्हणजे पंख आडवा कापल्यावर दिसणारा आकार, होता. शिकाऊ वैमानिकाला खरा स्टॉल आणि खरी फिरकी (स्टॉलनंतर गोल फिरत खाली येणं, म्हणजे स्पिन) अनुभवता यावी, असा हेतूही होता. पण एकाच प्रकारची विमानं स्टॉलला वेगवेगळी वागू लागली. 1983 मध्ये एफएएने पंखाच्या मुळाकडे पट्ट्यांची आणखी एक जोडी लावणं बंधनकारक केलं, आणि कारण दिलं ते स्टॉलचं वागणं सारखं करण्याचं आणि सुधारण्याचं. तरीही प्रश्न मिटला नाही. 1997 मध्ये अमेरिकेच्या अपघात तपास मंडळाने पुन्हा बोट ठेवलं: चाचण्या ज्या पंखावर झाल्या तो आणि प्रत्यक्ष विकला गेलेला पंख आतून सारखेच होते का? उत्पादनात फासळ्या कमी झाल्या होत्या आणि पत्रा अधिक लवचिक होता. मोठी कंपनी, सरकारी प्रमाणपत्र, हजारो विमानं, आणि तरी हे घडलं. होमबिल्टमध्ये तर प्रत्येक विमान स्वतःच प्रोटोटाइप असतं. एखाद्या किटच्या विक्रेत्याच्या नमुना विमानाने थरथर दिली म्हणून तुमचं देईलच, हे गृहीत धरण्याला कसलाही आधार नाही.

पंखाचा आकारही इथे बोलतो. मुळापासून टोकापर्यंत एकाच रुंदीचा आयताकृती पंख स्वभावतःच मुळाशी आधी सुटतो. व्हॅन्स एअरक्राफ्टची किटमधून बांधायची आरव्ही विमानं या पंखामुळेच समंजस मानली जातात. पण मुळाशी आधी सुटणं म्हणजे पुरेसं आधी सुटणं नव्हे. काही आखूड पंखांत थरथर आणि प्रत्यक्ष स्टॉल यांच्यात एक-दोन नॉटचंच अंतर उरू शकतं, तेवढं अंतर वाऱ्याच्या झोतात सहज विरून जातं. निमुळता पंख याच्या उलट. पिळाने किंवा छेद बदलून सावरला नसेल तर तो टोकाकडे आधी सुटू पाहतो, म्हणजे एलेरॉन आधी जातात आणि सूचना मागून येते. वेगासाठी बांधलेल्या, छोट्या पंखाच्या लँकेअर विमानांच्या मंद वेगातल्या वागण्याबद्दल एफएएला 2009-10 च्या सुमारास मालकांसाठी खास सूचना काढावी लागली, ती उगाच नाही.

तिसऱ्या गटाचं म्हणणं सगळ्यात वजनदार आहे, म्हणून त्याला टाळून पुढे जाता येत नाही. ते म्हणतात, सूचना वाजत असतानाही माणसं स्टॉल होतात. खरं आहे. 2009 मध्ये अटलांटिकवर कोसळलेल्या एअर फ्रान्स 447 च्या कॉकपिटमध्ये स्टॉलची सूचना एका टप्प्यात सलग 54 सेकंद वाजत होती, विमान थरथरतही होतं, तरी स्टिक मागेच ओढलेली राहिली. लहान विमानांतही हॉर्नची सवय होते. प्रत्येक लँडिंगला शेवटी तो वाजतोच, म्हणून तो ‘लांडगा आला रे’ होऊन बसतो. शिवाय विमान सुधारून स्टॉल संपवण्याचे प्रयत्न जुने आहेत आणि प्रत्येकाने कुठेतरी मार खाल्ला आहे. ग्लायडर उडवणाऱ्यांचा जर्मन आद्यपुरुष लिलिएन्थाल 1896 मध्ये ग्लायडर स्टॉल होऊन गेला. त्याची आठवण डोक्यात ठेवून राइट बंधूंनी आडवी शेपटी पुढे लावली. 1940 मध्ये आलेल्या एरकूपमध्ये फ्रेड वाइक यांनी एलेव्हेटर (नाक वर-खाली करणारी शेपटीची झडप) वरच्या बाजूला 13 अंशांवर अडवला, रडरचे (नाक डावी-उजवीकडे वळवणाऱ्या उभ्या झडपेचे) पेडल काढून टाकले, आणि विमान फिरकीत जाऊच शकणार नाही असं करून दाखवलं. तरी एरकूप पडायची थांबली नाहीत, कारण स्टॉल न होतासुद्धा नाक वर धरून जमिनीकडे वेगाने बसत जाता येतं. अमेरिकी विमान-रचनाकार बर्ट रुतान यांच्या व्हॅरिईझी आणि लाँग-ईझीमध्ये पुढचा छोटा पंख आधी स्टॉल होतो आणि नाक आपोआप खाली येतं. सुंदर कल्पना. पण त्या पुढच्या पंखाचा सुरुवातीचा छेद पावसात उचल गमावायचा, म्हणून पुढे दुसरा छेद आणावा लागला. मग पट्टीने काय साधणार, असा प्रश्न रास्तच आहे.

उत्तर उंचीत आहे. होमबिल्टचे घातक स्टॉल बहुधा पाच हजार फुटांवर होत नाहीत. ते होतात जमिनीजवळ. धावपट्टीकडचं शेवटचं वळण घ्या, जमिनीपासून 300-500 फुटांवरचं. वारा मागून ढकलतो, वळण धावपट्टीच्या पुढे जातं, वैमानिक कल वाढवतो, मग कलाची भीती वाटून पायाने रडर जास्त दाबतो आणि नाक वर ओढतो. तिथे फिरकी सुरू झाली तर सावरायला जेवढी उंची लागते तेवढी खाली नसतेच. म्हणजे तिथे कौशल्य वापरायला वेळच मिळत नाही, वेळ मिळते ती फक्त स्टॉलच्या आधी. ‘वैमानिकाला शिकवा’ हे म्हणणं बरोबर, पण शिकवलेलं वापरण्यासाठी त्याला दोन सेकंद आधी कळायला नको का? आणि कळायचं कशाने? वळताना नजर धावपट्टीवर असते, कान रेडिओवर असतो, हात मात्र स्टिकवरच असतो. म्हणून थरथर हाताला पोहोचली पाहिजे. हॉर्नची सवय होते तशी थरथरीचीही होते, हे 447 ने दाखवलं. पण एकाच गोष्टीबद्दल कानाला आणि हाताला वेगवेगळ्या वाटांनी निरोप आला, तर दोन्ही एकदम दुर्लक्षित होण्याची शक्यता घटते. एवढाच माझा दावा आहे, त्याहून मोठा नाही. घसरत्या वळणात, म्हणजे जास्त रडर दाबून घेतलेल्या वळणात, मुळाशी सुरू झालेला स्टॉलही एका बाजूला जास्त होऊन विमान उलटवू शकतो. पट्टी तिथे सूचना देईल, वाचवेलच असं नाही.

स्क्रीनवर कोन दाखवणाऱ्या यंत्राचा पुरस्कार करणाऱ्यांशी माझं भांडण कमी आहे. ते मोजतं ती मुळात योग्य गोष्ट आहे, वेगापेक्षा कितीतरी योग्य. 2014 मध्ये एफएएने ही यंत्रं लहान प्रमाणित विमानांत बसवणं सोपं केलं, ते चांगलंच केलं. भांडण आहे ते ‘म्हणून बाकी काही नको’ या उडीशी. होमबिल्टमध्ये हे यंत्र बहुधा पंखाखालच्या पिटॉटच्या (वेग मोजणाऱ्या नळीच्या) दुसऱ्या भोकावर चालतं. ते भोक समोरच्या आणि तिरप्या दाबातला फरक मोजतं आणि स्क्रीन त्यावरून रंगीत पट्टे रंगवते. पण ते पट्टे खरे ठरतात कॅलिब्रेशनवर, म्हणजे उडवून माप जुळवण्यावर, आणि कॅलिब्रेशन फक्त फ्लॅप बंद ठेवून केलं असेल तर फ्लॅप पूर्ण उघडल्यावर दिसणारा हिरवा रंग हिरवा असेलच असं नाही. भोकात पाणी शिरतं, कुंभारीण माशी माती भरून ठेवते, नळी निसटते, आणि बिघाड झाल्याचं कुणी सांगत नाही, यंत्र शांतपणे चुकीचा रंग दाखवत राहतं. कारखान्यातल्या लहान विमानांसाठीच्या जुन्या अमेरिकी नियमात एक वाक्य होतं, ते आजही मला शहाणपणाचं वाटतं: जी सूचना पाहण्यासाठी वैमानिकाला कॉकपिटच्या आत बघावं लागतं, ती एकटी चालणार नाही. त्याच नियमात सूचना स्टॉलच्या वेगाच्या किमान 5 नॉट आधी सुरू व्हावी असं होतं, आणि ती पंखाच्या नैसर्गिक वागण्यातून आली तरी चालेल, उपकरणातून आली तरी चालेल. म्हणून स्क्रीन हवी तर तिचा आवाज हेडफोनमध्ये हवा.

साध्या उपकरणांनाही विसरू नये. लेनर्ड ग्रीन यांनी 1940 च्या दशकात आणलेली, पंखाच्या पुढच्या कडेतून बाहेर आलेली छोटी पाती आजही चालते. हवेची दुभंगरेघ पातीच्या खाली गेली की हवा पाती वर उचलते, मायक्रोस्विच जुळतो, हॉर्न वाजतो. सेस्नाच्या कित्येक लहान विमानांत तर या सूचनेला वीजही लागत नाही. पुढच्या कडेतल्या फटीपाशी हवेचा दाब उतरला की नळीतून हवा ओढली जाते आणि पिपाणी वाजते. उड्डाणाआधी लोक रुमाल ठेवून तोंडाने ओढून ती तपासतात. पाती बसवताना एक चूक वारंवार होते: ती स्टॉल स्ट्रिपच्या शेजारीच लावली जाते. पट्टीच्या घुसळणीत तिला खरी हवा मिळत नाही आणि ती कधी लवकर, कधी उशिरा बोलते. पाती पट्टीपासून दूर, टोकाच्या बाजूला हवी. आणि प्रत्येक उड्डाणाआधी मास्टर (विजेचा मुख्य स्विच) चालू करून बोटाने उचलून पाहायची. वायर तुटलेली असेल तर ते कळायला दुसरा मार्ग नाही.

पट्टीची जागा पुस्तकातून मिळत नाही, उडवूनच मिळते. सुरुवात हँगरच्या फरशीवर होते. आडव्या शेपटीच्या मध्यापासून ओळंबा सोडून खडूने एक रेघ पुढे पंखापर्यंत मारायची. पट्टी त्या रेघेच्या आसपास हवी म्हणजे घुसळलेली हवा शेपटी चुकवणार नाही. ती फ्लॅपच्या पट्ट्यातच राहिली पाहिजे. एलेरॉनच्या पुढ्यात गेली तर ज्या भागाला वाचवायचं तोच आधी सुटेल. चाचणीसाठी 12 मिलिमीटरचा ॲल्युमिनियमचा एल-अँगल किंवा सागाची त्रिकोणी कापलेली पट्टी पुरते. 150-200 मिलिमीटर लांबीने सुरू करा. नाकाच्या गोलाईचा साचा कापून दोन्ही बाजूंना पट्टीची धार मिलिमीटरच्या आत सारखी बसवा. चारही कडांना मजबूत कापडी टेप लावा, कारण एका बाजूची पट्टी हवेत निघून गेली तर पट्टी राहिलेली बाजू आधी पडेल. पहिल्यांदा पट्टी थोडी खालीच लावा. खाली लावली की ती उशिरा बोलते आणि सौम्य बोलते. मग 3-3 मिलिमीटरनी वर सरकवत जा. वर सरकवली की ती लवकर बोलू लागते, पण फार वर गेली तर क्रूझमध्येही, म्हणजे सरळ प्रवासाच्या वेगातही, घुसळण सुरू होते आणि वेग पडतो. सूचना लवकर येते पण फिकी येते, तर लांबी वाढवा. थरथर जोरदार पण स्टॉलचा वेगच चढला, तर लांबी कमी करा. वरच्या पृष्ठभागावर लोकरीचे 10-12 सेंटिमीटरचे धागे टेपने ओळीत चिकटवून कॅमेरा लावला तर हवा कुठे आधी सुटते ते उघड्या डोळ्यांना दिसतं, आणि अंदाजाचे निम्मे खेळ संपतात.

उडवायचं ते एकट्याने, पॅराशूट बांधून, जमिनीपासून किमान पाच हजार फूट उंचीवर. वजनाचा मध्य आधी पुढे ठेवून, मग टप्प्याटप्प्याने मागे नेत. वेग सेकंदाला एक नॉट एवढ्याच गतीने उतरवायचा. घाईने ओढलं तर आकडे खोटे येतात. फ्लॅप बंद, अर्धे, पूर्ण. इंजिन निष्क्रिय आणि शक्ती देऊन. सरळ आणि दोन्ही बाजूंना 30 अंशांच्या वळणात. प्रत्येक प्रकार तीन वेळा. कागदावर तक्ता आखून चार गोष्टी लिहायच्या: थरथर कोणत्या वेगाला सुरू झाली, नाक कोणत्या वेगाला पडलं, कोणता पंख पडला, बॉल कुठे होता. इथेच पुष्कळांचा भ्रमनिरास होतो. फ्लॅप बंद असताना सुंदर थरथरणारं विमान फ्लॅप पूर्ण उघडल्यावर गप्प बसतं, कारण घुसळलेल्या हवेची वाट बदलून ती शेपटीखालून निघून जाते. शक्ती दिल्यावर प्रोपेलरची हवा मुळाकडच्या भागावरून वाहते आणि थरथर झाकली जाते. टी आकाराच्या उंच शेपटीला ती लागतच नाही. ज्या अवस्थांत पंख गप्प राहतो त्या अवस्थांसाठी उपकरण हवं. पंख की उपकरण हा वाद इतका निरर्थक का, ते या तक्त्यात दिसतं.

जागा नक्की झाली की पट्टी पक्की करताना ड्रिल उचलण्याआधी थांबा. आरव्हीसारख्या कित्येक विमानांत मुळाकडचं पंखाचं नाक म्हणजेच पेट्रोलची टाकी असते. तिथे रिवेट मारणं म्हणजे टाकीला भोक पाडणं. त्या जागी पट्टी चिकटवायचीच असते: पृष्ठभाग घासून, स्वच्छ करून, इपॉक्सीने किंवा टाकीच्या सीलंटने.

आता सक्तीचा प्रश्न. होमबिल्टवर उपकरण सक्तीचं करू नये असं म्हणणाऱ्यांचा मुद्दा मला पटतो. ज्या दिवशी यादीत ‘स्टॉल वॉर्निंग: आहे’ असा चौकोन येईल, त्या दिवसापासून माणसं सगळ्यात स्वस्त हॉर्न लावून चौकोनात खूण करतील, तो कधी वाजतो हे कुणी पाहणार नाही. पण याचा अर्थ काहीच मागू नये असा होत नाही. वर सांगितलेला तक्ता मागावा. प्रत्येक अवस्थेत सूचना किती नॉट आधी आली, कशातून आली, कोणता पंख पडला. हा एक कागद, सही-तारखेसह, विमानाच्या कागदपत्रांत कायमचा राहावा. बांधणाऱ्याला पट्टी लावायची, पाती लावायची, की स्क्रीन, हे त्याचं त्याने ठरवावं. अमेरिकेत नव्या होमबिल्टला सहसा सुरुवातीचे 25 किंवा 40 तास चाचणीचे म्हणून उडवावे लागतात. ते तास विमानतळाभोवती घिरट्या घालून संपवणारेही आहेत, आणि हा तक्ता भरून काढायला त्यातले चार-पाच तासही पुरतात.

आणि इथे 59 नॉटचा आकडा पुन्हा आडवा येतो. पट्टीने स्टॉलचा वेग वाढतो. ज्याचं विमान 58 ला बसतं त्याने सूचना सुधारण्यासाठी पट्टी लावली आणि तो 60 ला गेला, तर स्पोर्ट पायलटला ते विमानच बंद. म्हणजे ज्या नियमाने सुरक्षितता आणायची, तोच नियम सीमेवरच्या माणसाला पट्टी काढून टाकायचं बक्षीस देतो. वेग कमी म्हणजे आदळण्याची ऊर्जा कमी, हे नियमामागचं तर्कशास्त्र चुकीचं नाही. पण जिथे एका आकड्यावर सगळं तोललं जातं तिथे माणूस आकडा जिंकतो आणि गोष्ट हरतो. चाचणीत 5 नॉट आधी स्पष्ट सूचना दाखवणाऱ्या विमानाला या सीमेवर एक-दोन नॉटची मुभा द्यायला काय हरकत होती?

आपल्याकडेही हा प्रश्न अगदी परका नाही. कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीच्या चारकोपमधल्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं. 2016 मध्ये ते बीकेसीतल्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात लोकांनी पाहिलं, 2017 मध्ये त्याला व्हीटी-एनएमडी ही नोंदणी मिळाली आणि 2020 मध्ये ते धुळ्याला उडालं. त्या वर्षांत आपण सगळे बोललो ते फाइल कुठे अडली, कुणी हलवली, याबद्दल, आणि ते बोलणं गरजेचंही होतं. पण पुढच्या दहा जणांनी गच्चीवर विमानं बांधली तर नियामकाने त्यांच्याकडून कोणता कागद मागावा? रिवेट किती, नट कोणत्या ग्रेडचे, हे तर मागतीलच. विमान स्टॉलच्या आधी काय सांगतं, हे विचारायची सवय सुरुवातीपासून लागली तर बरं.

तो कागद मुख्यतः बांधणाऱ्यासाठी नसतोच. अमेरिकेच्या तपास मंडळाने 2011 सालच्या होमबिल्ट अपघातांचा अभ्यास केला. ही विमानं जनरल एव्हिएशनच्या, म्हणजे विमान कंपन्या आणि लष्कर वगळून उरलेल्या विमानांच्या, ताफ्यात जेमतेम 10 टक्के होती, पण त्या ताफ्याच्या जीवघेण्या अपघातांत त्यांचा वाटा 21 टक्के होता. आणि त्यात वापरलेलं विमान विकत घेणारे ठळकपणे दिसले, काही तर खरेदीनंतरच्या पहिल्याच उड्डाणात. बांधणाऱ्याला आपला पंख कुठे कुरकुरतो हे अंगवळणी पडलेलं असतं. दुसऱ्या मालकाला विमानासोबत चावी आणि लॉगबुक मिळतं. मधल्या काळात विमान रंगवायला दिलेलं असतं. रंगाऱ्याने पट्ट्या काढलेल्या असतात, त्या डब्यात पडून असतात, नाहीतर रंगानंतर ‘साधारण त्याच जागी’ परत चिकटवलेल्या असतात, 6 मिलिमीटर खाली. म्हणून होमबिल्ट विकत घेताना इंजिनाचे तास विचारण्याआधी पुढच्या कडेवरून बोट फिरवा. पट्टीचा जुना ठसा रंगाखाली हाताला लागतो. ठसा आहे आणि पट्टी नाही, किंवा पट्टी ठशावर नाही, तर त्या विमानाच्या स्टॉलबद्दल विक्रेत्याने सांगितलेला प्रत्येक आकडा दुसऱ्या पंखाचा आहे असं समजून पाच हजार फुटांवरून पुन्हा सुरुवात करा.